काडीवर उरलेलं जेल

माझ्या आईच्या उजव्या पायाला अंगठा नाही आणि त्याच्या शेजारचं बोटही नाही. कुणी विचारलं की मी ‘शुगर’ एवढंच सांगते. नागपुरात हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न बंद होतात, कारण प्रत्येकाच्या घरी एक तरी शुगरवालं माणूस असतं आणि लोक मग त्याचंच सांगायला लागतात. मला ते सोयीचं पडतं. पण शुगर हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं इथे लिहिते आहे, आणि लिहिताना मला स्वतःचा राग येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत, सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीची केमिस्ट आहे. वीस वर्षं झाली. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून त्यातल्या दहाव्या वर्षी मी आईकडे राहायला आले आणि तिथलीच झाले. आई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. आयुष्यभर शंभर-शंभर पोरींच्या पोळ्या उभ्याने लाटून ती निवृत्त झाली. घरात आम्ही दोघीच. सकाळी सातला चौकात कंपनीची बस येते, संध्याकाळी सहाला त्याच चौकात सोडते. माझं काम म्हणजे ‘नाही’ म्हणणं. बाटलीत अर्धा ग्रॅम माल कमी भरला गेला तरी मी सगळा लॉट अडवते. भरण्याच्या लाइनवरच्या बाया मला मागून खवीस म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

त्या वर्षी आमच्याकडे सुरकुत्यांचं एक नवं सीरम निघणार होतं. पेप्टाइडचं सीरम. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ असं धरलं, तर पेप्टाइड म्हणजे तिचा छोटा तुकडा. आमच्या सीरममध्ये दोन तऱ्हेचे तुकडे होते. एक तीन मण्यांचा, तांब्याला धरून बसलेला, निळ्याशार पुडीसारखा दिसणारा. हा तुकडा दिसला की कातडीच्या पेशींना वाटतं, कुठेतरी काहीतरी मोडलं आहे, बांधायला घ्या. दुसरा सहा मण्यांचा. तो डोळ्याच्या कडेच्या बारक्या स्नायूंना म्हणतो, जरा गप बसा, सारखं आकसू नका. असं कागदावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात आम्ही ती निळी पूड सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर मोजायचो आणि अख्ख्या टाकीत जेमतेम चिमूटभर टाकायचो. लेबलवर नाव छापता यावं, एवढीच.

तरीही मला त्या सीरमचा अभिमान होता. त्याचा रंग दोन वर्षं टिकावा म्हणून मी डोकं फोडलं होतं. वासही मीच पसंत केला होता. गुलाब-मोगरा सगळेच घालतात म्हणून मी वाळ्याचा धरून बसले होते. उन्हाळ्यात कूलर सुरू केल्यावर पहिला जो गार, मातकट वास येतो ना, तसा.

सीरम बाजारात आणायच्या आधी कंपनी कर्मचाऱ्यांवरच आठ आठवडे वापरून बघते. चाळिशीच्या पुढच्या आठ बायका निवडल्या. त्यात माझा नंबर सात. पांढऱ्या लेबलच्या बाटलीवर नुसता ‘७’. ती मी घरी मोरीच्या आरशापाशी ठेवायची. एप्रिलच्या सुरुवातीला जाहिरात विभागाच्या साहेबाने आमच्या डाव्या डोळ्याच्या कडेचे फोटो काढले. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला गोड. चार आठवड्यांनी पुन्हा काढले आणि दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी ठेवून म्हणाला, “मॅडम, बाकी सगळ्यांचं थोडं थोडं दिसून राहिलं. तुमचंच काही होत नाहीये.” सात बायकांसमोर. त्या हसल्या नाहीत, पण न हसणं किती मोठ्याने करता येतं ते मला त्या दिवशी कळलं.

मला ते लागलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तसं, आयुष्यभर सुरकुत्यांची क्रीमं तपासली आणि सुरकुत्यांशी मला काही देणंघेणं नाही असं सगळ्यांना सांगत आले. ते खरं नव्हतं. मला बरं दिसायचं होतं. शेहेचाळिसाव्या वर्षी, कुणासाठी, हे विचारू नका. आरशासाठी म्हणा.

आईचा पाय त्याच दिवसांतला.

दर उन्हाळ्यात आई कुरडया करते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्याचा चीक काढायचा, शिजवायचा आणि पहाटे गच्चीवर प्लास्टिक अंथरून सोऱ्याने पाडायचा. दुपारी एकच्या सुमाराला वरची बाजू वाळली की त्या उलटायच्या. आणि वाळवणाजवळ चप्पल घालून जायचं नाही. हा आमच्या घरचा कायदा. अन्न आहे ते, त्याच्यात पायताण घेऊन कोण जातं? वसतिगृहातही ती कोठीत अनवाणीच वावरायची. त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. आई उघड्या पायांनी सिमेंटच्या स्लॅबवर उभी राहून, वाकून वाकून, दीडदोनशे कुरडया सावकाश उलटत राहिली. तिला काही जाणवलं नाही. शुगरने पायांतली जाण कधीच गेली होती आणि ते आम्हा दोघींनाही नीटसं माहीत नव्हतं. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा खोलीत फरशीवर ओले ठसे दिसले. मला वाटलं पाय धुऊन आली. उजव्या तळव्याला अंगठ्याखाली लिंबाएवढा फोड होता, फुटलेला.

“दुखत नाही का वं आई?”

“नाही न. काहून दुखन?”

दवाखान्यात डॉक्टरांनी मेलेली कातडी काढली, तळवा बघितला आणि मला बाजूला घेतलं. शुगरच्या पायाची जखम भरली तर भरते, नाही तर वर चढत जाते. हा पाय वाचवायचा असेल तर पट्टी रोज दोनदा, शुगर ताब्यात आणि पायावर भार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आणि एक जेल लिहून दिलं. ग्रोथ फॅक्टरचं. छोटी ट्यूब, फ्रिजमध्ये ठेवायची, दर वेळी जखमेवर बेताचा थर द्यायचा. ट्यूब महाग होती आणि नागपुरात दोनच दुकानांत मिळायची. मी ती स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजच्या दारात, दह्याच्या शेजारी ठेवली.

सकाळची पट्टी मी करायची, बस यायच्या आधी. दुपारची आई स्वतःच करायची. खुर्चीवर बसून पाय मांडीवर घ्यायचा आणि आरसा धरून बघायचा, तिला सगळं जमायचं. मी तिला हात धुणं, सलाइनच्या पाण्याने जखम साफ करणं, लाकडाच्या चपट्या काडीने जेल पसरवणं शिकवलं. पहिल्या आठवड्यातच तिने विचारलं,

“हे डाक्टरचं जेल अन् तुह्या कंपनीचं ते तोंडाचं, यात फरक काय हाय?”

मी डबा भरून राहिले होते, बसला उशीर होत होता. आणि चार आठवड्यांच्या फोटोचा राग ताजा होता.

“काही फरक नाही आई. दोन्ही एकच. हे डाक्टर लिहिते, ते पार्लरवाली लिहिते. एवढाच फरक.”

बोलून मोकळी झाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी असं वाक्य कागदावर लिहिलं असतं, तर मी तो कागद त्याच्या तोंडावर मारला असता.

कारण फरक होता, आणि तो माझ्याइतका आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हता. जेलमधली माळ पन्नासच्या वर मण्यांची, शरीर स्वतः बनवतं तशीच, विशिष्ट घडीत दुमडलेली. उन्हात ठेवली तर घडी मोडते आणि मग ती कामाची राहत नाही. म्हणून फ्रिज. ती उघड्या मांसावर काम करते, जिथे पेशी समोरच असतात. औषध म्हणून बनवलेली, उघड्या जखमेला चालेल अशी जंतू मारून भरलेली. आमचं सीरम बंद कातडीसाठी. त्यात जंतू ठरावीक आकड्याच्या खाली असले की मी स्वतः सही करते. कातडी नावाची भिंत मध्ये असते, म्हणून तेवढं चालतं. त्यात रंग टिकवायला एक द्रव्य, दाटपणाला दुसरं, वासाला वाळा. दोघांचं कूळ एक म्हणाल तर एक, पण एक मोडलेलं घर बांधायला गेलेलं आणि दुसरं घराला रंग देणारं. आणि रंगही पातळ.

आता काडीचं सांगते.

सकाळी जेल पसरवून झाल्यावर चपट्या काडीवर थोडं उरायचं. मुगाच्या दाण्याएवढं. मी ती काडी कचऱ्यात टाकायची. एके दिवशी नाही टाकली. काडीची जी बाजू जखमेला लागली नव्हती, तिच्यावरचं जेल बोटाने निपटलं आणि मोरीच्या आरशासमोर डाव्या डोळ्याच्या कडेला लावलं. फुकट जाणारच होतं, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. आठवडाभराने काडीवर पुरेसं उरेना. मग मी ट्यूब जरा जास्त दाबायला लागले, म्हणजे काडीवर उरेल. आणि ट्यूब लवकर संपते आहे हे दिसायला लागलं तेव्हा आईच्या जखमेवरचा थर पातळ केला.

हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. अर्ध्या ग्रॅमसाठी लॉट अडवणारी बाई मी.

त्यातली मूर्खपणाची बाजू वेगळीच. एवढी मोठी माळ धडधाकट कातडीतून आत जात नाही, हे मला ठाऊक होतं. वर राहते आणि धुतली की जाते. माहीत असून लावत होते. कारण ती ट्यूब खरी होती, औषध होती, आणि आमच्या बाटलीत काय किती आहे ते मला पाठ होतं. शिकलेल्या माणसाचा अडाणीपणा असा असतो, त्याला कुणी टोकणारं नसतं.

आठव्या आठवड्याचा फोटो निघाला. जाहिरातवाल्या साहेबाने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, “मॅडम! कमाल हो गया!” खरंच, डोळ्याच्या कडेच्या तीन रेघांपैकी दोन नाहीशा, तिसरी पुसट. आठ जणींत सगळ्यांत चांगला निकाल नंबर सातचा. मी फक्त सीरमच लावते ना, असं कागदावर विचारलेलं होतं. मी ‘होय’वर खूण केली आणि सही केली. माझ्या सहीला कारखान्यात वजन आहे.

पंधरा दिवसांत गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक छापून आलं. त्यावर दोन चौकोन, ‘आधी’ आणि ‘नंतर’, दोन्हीत माझा डावा डोळा. नाव नाही, चेहरा नाही. मी एक प्रत घरी आणली. कशाला आणली? मिरवायला, दुसरं काय. आईने चष्मा लावून पाहिलं आणि लगेच ओळखलं. भुवईशेजारी माझ्या कांजण्यांचा एक वण आहे.

“हा त तुहा डोळा हाय!”

“हो.”

“अन् हे तुह्या त्या बाटलीनं झालं?”

“हो,” मी म्हटलं. तिसऱ्यांदा खोटं बोलले तेव्हा जीभ अडखळलीसुद्धा नाही.

आईने ते पत्रक शेजारणीला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, आणि शेवटी भिंतीवरच्या आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. एवढी खूश मी तिला वसतिगृहाने निरोप दिला त्यानंतर पाहिली नव्हती.

त्या जूनमध्ये पाऊस लांबला. कूलर दिवसरात्र चालू होता आणि मी त्याच्या वाळ्याच्या जाळ्या नव्या घातल्या होत्या. आईच्या खोलीत वाळ्याचा वास असायचा. मला वाटायचं, या खेपेला जाळ्या चांगल्या मिळाल्या. सकाळी पट्टी सोडताना तो जास्त यायचा. कूलर पलंगाच्या समोरच होता ना. जखम मात्र मध्यंतरी गुलाबी दिसायला लागली होती ती पुन्हा पांढुरकी झाली, कडा ओलसर. मी आईला ओरडले की तू चालतेस. ती म्हणाली, चालत नाही. मी म्हटलं, मग गोड खातेस. तिने डोळे खाली घातले. एखादा आंबा तिने खाल्लाही असेल.

जूनच्या शेवटी तिला थंडी वाजून ताप आला. दवाखान्याच्या पट्टीच्या खोलीत डॉक्टरांनी पट्टी सोडली. तिथे कूलर नव्हता, एसी होता. औषधी वासाच्या त्या खोलीत अचानक वाळ्याचा वास पसरला, आणि त्याच्या खाली दुसरा, सडका.

डॉक्टरांनी मान वर केली. “ये खुशबू काहे की है?”

मला उत्तर माहीत होतं. त्या वासाच्या प्रत्येक ड्रममध्ये कागदाची पट्टी बुडवून, हुंगून, मी सही करत होते. मी आईकडे पाहिलं. ती पलंगावर उशीला टेकून माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव होता. तिच्या चेहऱ्यावर!

“दुपारच्या पट्टीले तुहं तोंडाचं लावत होती मी,” ती हळूच म्हणाली. “दहा-बारा दिवस झाले. ते जेल लवकर सरून राहिलं होतं. महागाचं. तूच म्हणे न दोन्ही एकच हाय. अन् तुह्या डोळ्याले इतका गुण आला, मंग माह्या पायाले काहून नाही येणार?”

डॉक्टर मराठी समजायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी काय काम करते ते त्यांना माहीत होतं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “उघड्या जखमेवर चेहऱ्याचं काही लावत नाहीत, मावशी.” आणि मग मला, इंग्रजीत, इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं असावं.

अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाय वाचला. सगळे म्हणाले, पाय तर वाचला.

घरी आल्यावर मी डॉक्टरांना एकदा एकटीच जाऊन भेटले. विचारलं, त्या सीरममुळे झालं का? की जेल कमी पडल्यामुळे? कमी पडलं कसं, ते मी सांगितलं नाही. ते म्हणाले, सांगता येत नाही. रक्तपुरवठा आधीच कमी होता, शुगर वर होती, अशा जखमा सगळं नीट करूनही बिघडतात. कारखान्यात एखादी बाटली जरी बिघडली तरी आम्ही कारणाचा रकाना भरतो. ‘सांगता येत नाही’ तिथे चालत नाही, मीच चालू देत नाही. इथे मला कुणी ते तीन शब्द आयते दिले आणि मी घेतले. वर्षभर घेतले.

आणखी एक गोष्ट. आरशाच्या चौकटीतलं ते पत्रक मी काढून टाकायला घेतलं, तेव्हा सवयीने नीट पाहिलं. ‘आधी’च्या फोटोत माझ्या कांजण्यांच्या वणाला सावली होती. ‘नंतर’च्या फोटोत नव्हती. म्हणजे पहिल्या वेळी दिवा बाजूने होता, दुसऱ्या वेळी समोरून. बाजूने उजेड आला की रेघ दिसते, समोरून आला की बुजते. जेलनेही काही केलं नव्हतं आणि सीरमनेही नाही. दिव्याचा स्टँड दोन हात सरकला होता, बस. मी ते पत्रक हातात घेऊन पलंगावर बसले आणि मला हसू आलं, मग ते थांबेना. आई स्वयंपाकघरातून विचारत राहिली, काय झालं वं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मी दिव्याबद्दल लिहून दिलं. पत्रक बदललं. जेलबद्दल लिहून दिलं नाही.

यंदा एप्रिल आला तशी आई म्हणाली, कुरोड्या करू. मी म्हटलं, विकत आणते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गहू आणायला गेले. त्या संध्याकाळी ती खुर्चीवर बसून गहू निवडत होती. पायात दवाखान्याने करून दिलेला जाड बूट. बोटात पट्टा अडकवायची साधी चप्पल आता तिच्या उजव्या पायात टिकत नाही, पट्टा धरायला अंगठाच नाही. बुटाने तिला घाम येतो, ती कुरकुरते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले होते. ठरवलं काहीच नव्हतं.

“आई, तुह्या पायाचं जेल मी माह्या तोंडाले लावत होती.”

तिचे हात थांबले. “कवा?”

“रोज सकाळी. तुही पट्टी झाल्यावर. मंग तुले कमी लावत होती.”

ती ताटातल्या गव्हाकडे बघत राहिली. “म्हणून ट्यूब सरत होती.”

“हो.”

“मले वाटे, मीच जास्त लावून राहिली.”

मला रडू आलं. तिने रडू दिलं. मग म्हणाली, “मांगितलं असतं त देलं असतं ना वं मी. तुले नाही म्हटलं का कधी?” आणि थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, “पण दोन्ही एकच हाय, असं काहून सांगतलं? तुले त माहीत होतं.”

बस येत होती म्हणून सांगितलं, हे काय उत्तर आहे?

तिने गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं, आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, ताट सरकवायची, तोंड फिरवायची. ओरडली असती तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी रविवार होता. पहाटे तिने खाली चीक शिजवला आणि मी गच्चीवर कुरडया पाडल्या. माझ्या हाताने वाकड्यातिकड्या पडल्या.

दुपारी एकला उलटायला निघाले. आईने तिची खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी ओढून घेतली होती. मी तिच्यासमोर चपला काढल्या आणि वर गेले. स्लॅबवर पहिलं पाऊल ठेवलं तसा चटका थेट डोक्यात गेला. माझ्या पायांना सगळं जाणवतं. तरी मी परत फिरले नाही. खाली वाकून पहिली ओळ उलटली, दुसरी घेतली. खरं सांगते, त्या चटक्याने मला जरा बरं वाटत होतं.

“पाय पोळत असतीन,” खालून आवाज आला. तीन दिवसांतला पहिला.

“नाही.”

“चप्पल घाल.”

“वाळवण हाय न आई.”

“राहू दे वाळवण. चप्पल घाल म्हणून राहिली ना मी!”

आणि जिन्याच्या पायऱ्यांवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, एकदा, मग दुसऱ्यांदा. मी जिन्याशी आले. खालून तिने तिची स्वतःची जुनी जोडी भिरकावली होती, आता तिला न चालणारी. एक चौथ्या पायरीवर पडली होती, दुसरी वर उंबऱ्यापर्यंत आली होती. मी खाली उतरून चौथ्या पायरीवरची आणली आणि दोन्ही पायात घातल्या. उजव्या चपलेत वर्षानुवर्षांच्या वापराने तिच्या अंगठ्याचा खोल ठसा पडला आहे. माझा अंगठा बरोबर त्यात बसला.

ती खालून वर बघत होती. मी त्या चपला घालून कुरडयांमध्ये गेले आणि उरलेल्या उलटल्या.